छोट्या कम्प्युटरसाठी धातूची फ्रेम बनवायचीय? मग आधी मदरबोर्डची ही चार भोकं मोजा

पाण्याचा २० लिटरचा जार आपण सगळ्यांनी उचललाय, निदान दुसऱ्याला उचलताना तरी पाहिलंय. आता तुमच्या टेबलाखालच्या कम्प्युटरच्या कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजा. तिन्ही आकडे गुणा आणि हजाराने भागा. नेहमीच्या टॉवर कॅबिनेटचं उत्तर ४०-५० लिटरच्या आसपास येतं. म्हणजे दोन जार आणि वर थोडं. त्यातली बरीचशी जागा नुसती हवा असते.

जगभरात असे हौशी लोक आहेत जे तोच प्रोसेसर आणि तेच ग्राफिक्स कार्ड अर्ध्या जारात बसवतात. साधारण २० लिटरच्या आतल्या कम्प्युटरला 'स्मॉल फॉर्म फॅक्टर' म्हणतात. यातले काही जण पुढे जाऊन कॅबिनेट विकत घेतच नाहीत. आपल्या सामानाच्या मापाची धातूची फ्रेम स्वतः आखतात आणि पत्रा कापून, वाकवून घेतात.

हे वेड वाटेल, पण त्यातून खरे धंदे उभे राहिलेत. 'एनकेस एम१' हे १२.६ लिटरचं अॅल्युमिनियमचं कॅबिनेट हौशी लोकांच्या ऑनलाइन चर्चेतून आखलं गेलं. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून त्याचे पैसे जमले आणि तैवानच्या लियान ली कंपनीने ते बनवलं. जर्मनीतल्या एका डिझायनरचं 'डॅन ए४-एसएफएक्स' तर फक्त ७.२ लिटरच्या आसपास. तेही २०१६ मध्ये लोकवर्गणीतूनच बाजारात आलं.

ही फ्रेम बनते कशी, पैसे कुठे वाया जातात आणि जीवाला धोका कुठे आहे, ते आज समजून घेऊया.

फ्रेम म्हणजे डबा नाही

पहिल्यांदा फ्रेम आखणारा माणूस बाहेरून सुरुवात करतो. 'मला ३० सेंटीमीटर लांब, १२ सेंटीमीटर रुंद डबा हवा' असं म्हणतो आणि मग आत सामान कोंबायला बघतो. हे उलटं आहे. कम्प्युटरच्या फ्रेमचं काम एकच. मदरबोर्डची चार भोकं, मागच्या पोर्टची खिडकी, ग्राफिक्स कार्डचा स्क्रू आणि पॉवर सप्लायचे स्क्रू, एवढे बिंदू हवेत अचूक जागी धरून ठेवायचे. बाहेरचा पत्रा म्हणजे त्यावर घातलेला सदरा. हे बिंदू बरोबर असतील तर वाकडातिकडा दिसणारा सांगाडाही वर्षानुवर्षं चालतो. ते चुकले तर सुंदर डबा भंगारात जातो.

चांगली गोष्ट अशी की हे बिंदू कुठे असावेत हे आधीच ठरलेलं आहे. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये 'मिनी-आयटीएक्स' हा मदरबोर्डचा आकार आणला. बरोबर १७० गुणिले १७० मिलिमीटर. आजही कुठल्याही कंपनीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड घ्या, भोकं त्याच जागी सापडतील.

आता गंमत बघा. बोर्ड चौकोनी आहे, त्यामुळे चार भोकंही चौकोनात असतील असं वाटतं. तसं नाहीये. बोर्डाच्या पुढच्या कडेची दोन भोकं एकमेकांपासून १५७.४८ मिमीवर आहेत. मागची कड म्हणजे जिथे यूएसबीचे आणि नेटचे पोर्ट असतात ती. ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटच्या बाजूचं मागचं भोक पुढच्यापासून १५४.९४ मिमीवर आहे. पण दुसऱ्या बाजूचं मागचं भोक पोर्टांना जागा द्यायची म्हणून २२.८६ मिमी आत सरकलंय. तिथे पुढचं-मागचं अंतर फक्त १३२.०८ मिमी. हे आकडे विचित्र वाटतात कारण मूळ माप इंचात आहे. ६.२ इंच, ६.१ इंच आणि ५.२ इंच.

बोर्डावरच्या भोकाचा व्यास ३.९६ मिमी असतो आणि त्यातून जाणारा स्क्रू साधारण साडेतीन मिलिमीटरचा. म्हणजे इकडेतिकडे सरकायला अर्धा मिलिमीटरही नाही. शाळेच्या पट्टीने आखून, हातातल्या ड्रिलने भोक पाडून हे जमवायचं म्हणजे नशिबाची परीक्षाच.

कागदावरची बेरीज

पत्र्याकडे जाण्याआधी एक बेरीज करायची असते. समजा तुम्हाला डॅन ए४ सारखी सँडविच रचना हवी आहे. मधोमध एक उभा पत्रा, एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड आणि दोघांना जोडणारी रायझर नावाची चपटी केबल. अशा फ्रेमची रुंदी किती होईल?

मदरबोर्डच्या बाजूने मोजू. मधला पत्रा १.५ मिमी. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्याखाली पितळी खांब लागतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. त्यांची उंची ६.३५ मिमी. बोर्डाची जाडी १.६. सॉकेटसकट प्रोसेसर साधारण ८. त्यावर ४७ मिमी उंचीचा कूलर. पंख्याला हवा ओढायला ५ मिमी मोकळी जागा. बाहेरचा पत्रा १.५. एकूण झाले ७१ मिमी.

या बेरजेत बऱ्याच जणांचा एक आकडा सुटतो, प्रोसेसरचे ते ८ मिमी. कूलरच्या खोक्यावर लिहिलेली उंची प्रोसेसरच्या माथ्यापासून असते, बोर्डापासून नाही. हा आकडा सुटला की झाकण पंख्याला घासतं.

आता दुसरी बाजू. ग्राफिक्स कार्डाचा एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, दोन स्लॉटचं कार्ड ४०.६४. कार्डाच्या पाठीमागे ५ मिमी, पंख्यासमोर ३ मिमी आणि बाहेरचा पत्रा १.५. हे झाले ५० मिमी. एकूण रुंदी १२१. यापेक्षा बारीक हवं असेल तर कूलर बुटका घ्या किंवा कार्ड पातळ घ्या. पत्रा पातळ करून काही हाती लागत नाही.

कार्डाच्या उंचीकडे मात्र नीट बघा. मानकानुसार पूर्ण आकाराचं कार्ड १११ मिमी उंच आणि ३१२ मिमी लांब असतं, पण बाजारातली बरीच कार्डं उंचीत याच्या बाहेर जातात. वर पॉवरची केबल असते, तिलाही वळायला जागा लागते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे नवे पॉवर कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मुख्य कारण निघालं. अशा कनेक्टरपासून निदान ३५ मिमी केबल सरळ ठेवावी असं सांगितलं जातं. छोट्या डब्यात झाकण दाबून लावलं की ती केबल नेमकी तिथेच मोडते आणि कनेक्टर तिरका होतो. जागा वाचवायचीच असेल तर दुसरीकडे वाचवा. इथे नको.

पॉवर सप्लायही छोटा लागतो. एसएफएक्स प्रकारचा सप्लाय १२५ गुणिले १०० गुणिले ६३.५ मिमी असतो. पण त्याच्या मागून केबल निघतात, त्यांच्यासाठी आणखी तीन-चार सेंटीमीटर मोकळे ठेवा. हा नियम कुठे छापलेला नाही, पण केबलचा तो जाडजूड गुंता ज्याने एकदा वाकवलाय त्याला तो सांगावा लागत नाही.

बेरीज झाली की जाड पुठ्ठ्याचा सांगाडा करा. खरोखर करा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, कटर आणि चिकटपट्टी, बास. त्यात खरं सामान ठेवून बघा. स्क्रीनवर जे लक्षात येत नाही ते पुठ्ठ्यात पाच मिनिटांत कळतं. स्क्रूड्रायव्हर शिरतोय का? पेन ड्राइव्ह लावताना बोट अडकतंय का? बोर्डाच्या पाठीमागेही एसएसडीचा स्लॉट आहे का? बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डांना असा एक स्लॉट खालच्या बाजूला असतो. मधल्या पत्र्याला तिथे खिडकी ठेवली नाही तर एसएसडी बदलायला अख्खा कम्प्युटर उघडावा लागतो.

कुठला धातू?

पोलाद की अॅल्युमिनियम, यावर लोक तासन्‌तास भांडतात. खरा हिशोब असा. पोलाद अॅल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट जड आणि तिप्पटच ताठ. म्हणून बाजारातल्या बहुतेक कॅबिनेटांत पोलादी पत्रा पातळ असतो आणि अॅल्युमिनियमचा जाड. फ्रेमसाठी १.२ मिमी पोलाद किंवा १.५ ते २ मिमी अॅल्युमिनियम पुरतं. दुकानात पोलादी पत्रा 'सीआरसीए' नावाने मागा, म्हणजे गुळगुळीत कोल्ड रोल्ड पत्रा मिळतो. काही ठिकाणी माप अजून गेजमध्ये सांगतात. १८ गेज म्हणजे १.२ मिमी, १६ गेज म्हणजे १.६. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे लक्षात ठेवा, भलतीच ऑर्डर जाण्याचं हे जुनं कारण आहे.

अॅल्युमिनियम घेत असाल तर नुसतं 'अॅल्युमिनियम' म्हणू नका. पत्रा वाकवायचा असेल तर ५०५२ हा मिश्रधातू मागा. ६०६१-टी६ जास्त मजबूत आहे, त्याचं नावही जास्त ऐकलेलं असतं, पण तो कमी गोलाईत वाकवला की बेंडच्या बाहेरच्या बाजूला तडे जातात. तो सपाट प्लेट म्हणून वापरायला उत्तम. काटकोनात वाकवायला नाही.

तिसरा रस्ता आपल्याकडे सगळ्यात सोपा आणि तरी दुर्लक्षित आहे. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या दुकानात अॅल्युमिनियमचे अँगल आणि चौकोनी पाइप मिळतात. त्यांच्याकडे ते अचूक काटकोनात कापून देणारं यंत्रही असतं. बारा तुकडे कापून घेतले की चौकटीच्या बारा कडा तयार. वाकवण्याची भानगडच नाही. थ्रीडी प्रिंटरमध्ये असतात तसे २० गुणिले २० मिमीचे खाचेचे प्रोफाइल घेतले तर काम आणखी सोपं. नट खाचेत सरकतो, त्यामुळे माप दोन मिलिमीटरने चुकलं तरी सरकवून जुळवता येतं. तोटा एवढाच की त्या खांबांची जाडी जागा खाते. ७ लिटरचं स्वप्न १०-१२ लिटरवर जातं. पहिल्याच फ्रेमसाठी हा सौदा वाईट नाही, उलट आमचं मत विचाराल तर इथूनच सुरुवात करावी.

पत्रा वाकतो तेव्हा वाढतो

लेझर कटिंगवाल्याकडे जायचं असेल तर कम्प्युटरवर रेखाटन करून 'डीएक्सएफ' फाइल द्यावी लागते. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. लेझर साधारण ०.१ मिमीच्या अचूकतेने कापतो, तिथे फारशी चिंता नाही. चिंता पुढच्या पायरीची, बेंडिंगची.

समजा तुम्हाला एल आकाराचा तुकडा हवाय, बाहेरून मोजला तर एक बाजू ४० आणि दुसरी ६० मिमी. सपाट पत्रा किती लांब कापायचा? १०० मिमी, असं उत्तर देणारा फसतो. वाकताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. १.५ मिमी पत्रा १.५ मिमीच्या आतल्या गोलाईने काटकोनात वाकवला तर बेंडच्या भागात सुमारे ३.४ मिमी पत्रा जातो. बाहेरच्या मापात मात्र तो कोपरा दोन्ही बाजूंनी ३-३ मिमी धरलेला असतो. फरक २.६ मिमीचा. म्हणजे पत्रा ९७.४ मिमी कापायचा. चार बेंड असलेल्या तुकड्यात हा हिशोब विसरलात तर माप एक सेंटीमीटरने चुकतं.

२.६ हा आकडा मात्र पाठ करू नका. तो पत्र्याची जाडी, धातू आणि कारागिराच्या यंत्रावरचा साचा यांवर बदलतो. ऑर्डर देण्याआधी बेंडिंगवाल्याला विचारा, 'या पत्र्याला तुमच्याकडे एका बेंडला किती वजा धरायचं?' चांगला कारागीर तोंडपाठ आकडा सांगतो. नाही सांगितला तर १०० मिमीची एक पट्टी वाकवून मागा आणि व्हर्नियरने दोन्ही बाजू मोजा. त्यांची बेरीज वजा १००, हा त्या यंत्राचा आकडा.

आणखी काही गोष्टी कारागीर सांगतो, पण तोवर पत्रा कापून झालेला असतो. बेंडच्या अगदी जवळ भोक ठेवलं तर ते ताणून अंडाकृती होतं. निदान पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट अधिक बेंडची गोलाई एवढं अंतर सोडा. वाकवायची पट्टी फार अरुंद असेल तर यंत्राला धरताच येत नाही, १.५ मिमी पत्र्याला ती निदान ९-१० मिमी हवी. आणि चारी बाजूंनी वर वळलेला खोल डबा मागितला तर शेवटची बाजू वळताना आधीची बाजू यंत्राला धडकते. म्हणून फ्रेम दोन यू आकारांच्या तुकड्यांत करतात आणि स्क्रूने किंवा पॉप रिव्हेटने जोडतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ, ते अचूक बिंदू. लेझर ०.१ मिमीने चुकतो, बेंड सहज अर्ध्या मिलिमीटरने आणि एखाद्या अंशाने चुकतो. एक अंश म्हणजे किरकोळ वाटतं, पण १७० मिमी लांबीवर तो ३ मिमी होतो. म्हणून ज्या दोन भोकांचं नातं अचूक हवं ती शक्यतो एकाच सपाट भागावर ठेवा, मध्ये बेंड येऊ देऊ नका. मदरबोर्डची चारही भोकं एकाच पत्र्यावर हवीत हे तर उघड आहे. रायझरचा स्लॉटही शक्य असेल तर त्याच मधल्या पत्र्यावर बसवा.

पण मागच्या पोर्टची खिडकी? ती बोर्डाच्या पत्र्याला काटकोनातच असते, त्यामुळे एक बेंड किंवा एक जोड टाळता येत नाही. यावर उपाय जुना आहे, लांबट भोक. मागचा पत्रा वेगळा तुकडा करा आणि जोडाच्या स्क्रूंना गोल भोकांऐवजी २-३ मिमी लांबट खाचा द्या. बोर्ड बसवा, पोर्ट खिडकीत जुळवा, मग स्क्रू आवळा. मोठ्या कारखान्यांना हे करावं लागत नाही कारण त्यांचे साचे पक्के असतात. आपला एकच नग असतो, त्याला हातभर सवलत हवी.

खिडकीचं माप १५८.७५ गुणिले ४४.४५ मिमी. जुन्या पद्धतीची सुटी पोर्ट-पट्टी बोर्डासोबत येत असेल तर इथल्या पत्र्याची जाडी साधारण १ ते १.३ मिमीच हवी, नाहीतर ती पट्टी खटकन बसत नाही. २ मिमी अॅल्युमिनियममध्ये ती बसवण्यासाठी कानशीने कड घासत बसलेले लोक इंटरनेटवर भरपूर सापडतील.

फाइल पाठवताना एक शेवटची काळजी. डीएक्सएफमध्ये माप मिलिमीटरचं की इंचाचं हे बऱ्याचदा नोंदलेलं नसतं किंवा वाचलं जात नाही. फरक २५.४ पटीचा. फाइलसोबत 'सर्व मापं मिमीमध्ये, बाहेरची एकूण लांबी इतकी' असं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. आणि वाकवण्याची दिशा दाखवणारं हाताने काढलेलं चित्रही जोडा. डावा-उजवा उलटा वाकलेला पत्रा परत सरळ करता येत नाही.

एक नग कोण कापून देणार?

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या औद्योगिक भागांत पत्र्याचं जॉब वर्क करणारे गाळे आहेत. त्यांना शेकड्याने नग हवे असतात, तुमचा एकच आहे. म्हणून गर्दीच्या दिवशी जाऊन हट्ट धरू नका. दुसऱ्या कुणाची शीट कापून उरलेल्या तुकड्यात तुमचा नग बसतो का, एवढं विचारा. दर पत्र्याचं वजन, कापण्याची एकूण लांबी, भोकांची संख्या आणि बेंडची संख्या यांवर ठरतो. हवा जायला म्हणून तुम्ही आखलेली हजार बारीक भोकं इथे महाग पडतात, कारण प्रत्येक भोकाला लेझर नव्याने पत्रा छेदतो. त्यापेक्षा तयार जाळीचा पत्रा विकत घेऊन तेवढाच भाग स्क्रूने लावा. ३ मिमीची भोकं ४ मिमी अंतरावर तिरक्या ओळींत असलेल्या जाळीत निम्मी जागा मोकळी असते, पंख्याला तेवढी चालते. जाळीच्या मागे १२० मिमीचा पंखा लावणार असाल तर त्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी असतं, ९२ मिमीच्या पंख्याचं ८२.५.

आणि अगदी फुकटचा उपाय. भंगारवाल्याकडून जुनं कॅबिनेट घ्या. त्यातला मदरबोर्डचा पत्रा, पोर्टची खिडकी आणि कार्डांचे स्लॉट असलेला मागचा भाग अखंड कापून काढा. कारखान्याने जुळवलेलं माप तयार मिळतं. मिनी-आयटीएक्सची चारही भोकं नेहमीच्या एटीएक्स बोर्डाच्या भोकांपैकीच आहेत, त्यामुळे जुनं कॅबिनेटही चालतं. त्याभोवती अँगलची चौकट करा. दिसायला गावठी, पण सगळ्यात कठीण काम आधीच झालेलं असतं.

आटे, बर आणि चुरा

मदरबोर्डचे स्क्रू सहसा ६-३२ या इंची मापाचे असतात, एसएसडीचे एम३. दोन्ही दिसायला सारखे. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात जोर लावून फिरवला की आटे गेलेच समजा.

पातळ पत्र्यात थेट आटे पाडायचा मोह होतो. पण १.५ मिमी पत्र्यात ६-३२ चे जेमतेम दोन आटे बसतात, एम३ चे तीन. दोन आट्यांवर बोर्ड लटकवायचा म्हणजे दोन-तीन वेळा खोलल्यावर तो सुटणार. त्यापेक्षा पत्र्याला आरपार भोक पाडून स्टँडऑफ खालून नटने आवळा किंवा रिव्हेट नट बसवा. २ मिमीच्या पुढच्या प्लेटमध्ये एम३ चे आटे चालतात, त्यासाठी ड्रिल २.५ मिमीचं.

कापलेल्या प्रत्येक कडेची बर कानशीने काढा. लेझरने कापलेली कडही ब्लेडसारखी असते. हातासाठी तर काढाच, पण केबलसाठी जास्त. पंख्याच्या कंपनाने अशा कडेवर घासत राहिलेली वायर काही महिन्यांत सोलवटते. आणि ड्रिल, कानस, आटे हे सगळं बोर्ड खोलीत नसताना करा. अॅल्युमिनियमचा केसाएवढा चुरा बोर्डावर दोन पायांच्या मध्ये पडला तर ४० हजारांचं सामान एका क्षणात जाऊ शकतं. चुंबकाने तो उचलता येत नाही, कारण अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. सांगाडा पाण्याने धुऊन, वाळवून मगच आत न्या.

पावडर कोटिंग करणार असाल तर आट्यांवर टेप लावून घ्या. कोटिंगचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो आणि तो भोकाच्या दोन्ही बाजूंनी चढतो. घट्ट आखलेले जोड मग बसत नाहीत, म्हणून ०.३-०.४ मिमी ढिलाई आधीच ठेवा.

रंगाखाली लपलेला धोका

आता जी गोष्ट सौंदर्याच्या नादात राहून जाते ती. धातूची फ्रेम वीज वाहते. आपल्या घरात २३० व्होल्ट आहेत. पॉवर सप्लायच्या आत काही बिघडून वीज त्याच्या पेटीवर आली तर ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवी, तुमच्या हातातून नाही. तयार कॅबिनेटमध्ये ही सोय आपोआप होते, कारण पॉवर सप्लायची पेटी उघड्या धातूला स्क्रूने आवळलेली असते. तुमच्या फ्रेमला मात्र सगळीकडे पावडर कोटिंग किंवा अॅनोडायझिंग असेल तर हे दोन्ही थर वीज अडवतात. वेगवेगळ्या तुकड्यांची फ्रेम असेल तर एक तुकडा अर्थिंगला जोडलेला आणि शेजारचा अधांतरी, असं होऊ शकतं.

उपाय साधा आहे. पॉवर सप्लायच्या एका स्क्रूखाली आणि तुकड्यांच्या प्रत्येक जोडावर एका ठिकाणी रंग खरवडून धातू उघडा करा आणि दातेरी वॉशर घालून आवळा. नंतर मल्टीमीटर 'टूं' वाजणाऱ्या खुणेवर लावा. एक टोक प्लगच्या जाड पिनला, दुसरं फ्रेमच्या प्रत्येक तुकड्याच्या उघड्या स्क्रूला. प्लग अर्थातच भिंतीतून काढलेला हवा. सगळीकडे वाजलं पाहिजे. न वाजणारा तुकडा सापडला तर त्याला वेगळी अर्थिंग वायर द्या.

पॉवर सप्लाय आत लपवून मागे वेगळं सॉकेट लावण्याची पद्धत आहे. त्या सॉकेटच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ४० मिमी असतं. हे करताना आयएसआय मार्कची तयार एक्स्टेन्शन केबल घ्या, स्वतः वायर सोल्डर करू नका. जागा वाचावी म्हणून पॉवर सप्लायची पेटी उघडून आतलं सर्किट फ्रेमवर बसवण्याचे व्हिडिओही दिसतात. तसं कधीही करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही काळ राहते.

आणि घरातल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर वरची सगळी खटपट फुकट. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात अशी तक्रार आपल्याकडे नवी नाही, आणि बहुतेक वेळा दोष कॅबिनेटचा नसून भिंतीतल्या तिसऱ्या भोकाचा असतो.

पहिल्यांदा सुरू करताना

बाहेरचे पत्रे लावायच्या आधी कम्प्युटर सुरू करा. रायझर केबल जुन्या पिढीची असेल आणि कार्ड नव्या, तर स्क्रीन काळी राहणं किंवा मध्येच अडकणं होतं. फ्रेमला दोष देण्याआधी बायोसमध्ये जाऊन पीसीआयईचा वेग तिसऱ्या पिढीवर आणून बघा. त्यासाठी स्क्रीन हवी, म्हणून प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर मॉनिटर तात्पुरता मदरबोर्डला जोडा.

नंतर अर्धा तास एखादा जड गेम चालवून तापमान लिहून ठेवा, मग पत्रे लावून पुन्हा तेच करा. दोन-चार अंशांचा फरक चालतो. दहा-पंधरा अंशांचा आला तर हवा आत येण्याची वाट अडलेली आहे, तेवढ्या भागाचा पत्रा काढून जाळी लावा. हे पुण्याच्या डिसेंबरात नाही तर नागपूरच्या मे महिन्यात तपासलेलं बरं. महिन्याभराने एकदा सगळे स्क्रू पुन्हा आवळा. नव्या फ्रेमचे जोड सुरुवातीच्या गरम-थंड होण्यात थोडे ढिले होतात, आणि त्यातला एखादा अर्थिंगचाही असू शकतो.